साखरेचे बेट आणि परक्यांचा हात

कोल्हापूरच्या माणसाला उसाविषयी काही सांगायला जाणे म्हणजे गुरवाला देवपूजा शिकवण्यासारखे आहे. १८९५ साली शाहू छत्रपतींनी शाहूपुरीची पेठ वसवली, तेव्हापासून गुळाचे रवे, अडत्यांची दुकाने आणि मोसमात रात्र रात्र धगधगणारी गुऱ्हाळाची चुलाणे यांच्या सोबतीनेच या जिल्ह्याच्या पिढ्या वाढल्या. पुढे सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि उसाच्या भावाचा प्रश्न घराघरांत बोलला जाऊ लागला. म्हणूनच दूरच्या एका बेटाची कथा आम्ही याच व्यासपीठावरून सांगावयाची ठरवली आहे. त्या बेटाचे नाव मॉरिशस. तेथेही सारे आयुष्य उसाभोवती फिरले, तेथेही भावासाठी भांडणे झाली, आणि तेथील उसाच्या फडात राबलेल्या माणसांत आपली मराठी माणसेही होती. लहान बेटांच्या व्यापाराला, आरोग्याला आणि शिक्षणाला मोठी राष्ट्रे जी मदत करतात, तिचा गुण आणि तिचे मोल या एका उदाहरणावरून जितके स्पष्ट दिसते तितके दुसऱ्या कशावरून क्वचितच दिसेल.

मदत हा शब्द मोठा फसवा आहे. शेजाऱ्याने अडल्या वेळी दिलेली पायली ही मदत, सरकारची तगाई ही मदत आणि सावकाराने जमीन लिहून घेऊन दिलेले पैसे, त्यालाही तो मदतच म्हणतो. तेव्हा कोणी किती दिले एवढे विचारून भागत नाही. ते कोणाच्या हाती पडले, घेणाऱ्याने त्याचे काय केले आणि देणाऱ्याने बदल्यात काय नेले, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय मदतीचा इतिहास लिहिता येत नाही.

मॉरिशसच्या बाबतीत पहिल्याच प्रश्नाचे उत्तर मन विषण्ण करणारे आहे. हे बेट आधी डचांकडे, मग फ्रेंचांकडे आणि १८१० पासून इंग्रजांकडे होते. उसाचे मळे फ्रेंच वंशाच्या जमीनदारांचे आणि त्यांत राबणारे आफ्रिका व मादागास्करमधून धरून आणलेले गुलाम. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तेथे गुलामगिरी बंद झाली. इंग्लंडच्या पार्लमेंटने त्या निमित्ताने साऱ्या वसाहतींसाठी दोन कोटी पौंड काढून ठेवले होते, आणि त्यांपैकी सुमारे २१ लाख पौंड मॉरिशसच्या वाट्यास आले. पण ते मिळाले कोणाला? ज्यांच्या पाठीवर कोरडे ओढले गेले त्यांना नव्हे, कोरडे ओढणाऱ्यांना! मालमत्ता गेली म्हणून मळेवाल्यांना भरपाई, आणि मुक्त झालेल्या माणसाच्या हातावर छदामही नाही. परकीय सरकारच्या पैशाने बेटाला मिळालेली ही पहिली मोठी 'मदत'.

या पैशावर मळे पुन्हा उभे राहिले, पण हात हवे होते. मुक्त झालेले गुलाम मळ्यांकडे परत फिरकेनात. तेव्हा हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्याची युक्ती निघाली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' जहाजातून ३६ मजुरांची तुकडी पोर्ट लुई बंदरात उतरली, आणि पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास हिंदी माणसे तेथे गेली. बहुसंख्य कलकत्त्याहून, त्यांच्या खालोखाल मद्रासेहून, आणि शंभरात सुमारे सात मुंबई बंदरातून. या मुंबईवाटे गेलेल्यांत रत्नागिरीकडची आणि घाटावरची मराठी मंडळी होती. बेटावरच्या क्रिओल बोलीत त्यांना 'बोंबाय' हेच नाव पडले. गाव सुटले, तालुका सुटला, आणि ज्या बंदरातून निघालो त्याचे नाव तेवढे मागे लागले. त्या बेटावर दगड उलटला की खाली सोने सापडते, अशी भूल मजुरांना घालीत असत, ही आख्यायिका तेथे अजून सांगतात. प्रत्यक्षात मिळाला तो पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपयांच्या आसपास मजुरी, आणि एक दिवस खाडा झाल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची रीत. या जुलुमाविरुद्ध १८७१ साली आडोल्फ द प्लेव्हित्झ या युरोपियन मळेवाल्याने नऊ हजारांहून अधिक मजुरांच्या सह्या-आंगठ्यांचा अर्ज सरकारकडे नेला, आणि त्यावरून चौकशी आयोग नेमावा लागला. तो परका होता, आणि त्याची मदत पैशाची नव्हती. तिची आठवण तेथील हिंदी वंशाचे लोक आजही ठेवतात.

आता आरोग्याची गोष्ट. १८६० च्या सुमारापर्यंत या बेटाला हिवताप ठाऊक नव्हता. जहाजांच्या येण्याजाण्यातून डास आणि रोग दोन्ही आले आणि १८६६ ते १८६८ या काळात अशी साथ उसळली की माणसे हजारोंनी मेली. ज्यांची ऐपत होती ते पोर्ट लुईचा किनारा सोडून क्यूरपीपच्या थंड पठारावर राहावयास गेले, आणि मजूर मात्र मळ्यांतल्या खोपटांतच राहिले. पुढे १९०७ साली हिवतापाचा डास शोधून काढणारे रोनाल्ड रॉस स्वतः तेथे पाहणीस गेले. पण रोगाची पाळेमुळे खणली गेली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४९ ते १९५१ या काळात ब्रिटिश वसाहत खात्याच्या खर्चाने घरोघर डीडीटीची फवारणी झाली, आणि हिवतापाचे मरण जवळजवळ थांबले. १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेने बेट हिवतापमुक्त जाहीर केले. १९७५ च्या वादळानंतर रोग पुन्हा डोकावला, आणि त्याला पुन्हा हुसकावण्यास विसाहून अधिक वर्षे गेली, ही गोष्टही विसरता कामा नये. फवारणीचा पंप एकदा देऊन चालत नाही. तो सतत चालवणारी माणसे तयार व्हावी लागतात.

या मदतीने लेकरे वाचली, आणि त्यातूनच दुसरा पेच उभा राहिला. १९४४ च्या खानेसुमारीत बेटाची वस्ती सुमारे ४ लाख १९ हजार होती, ती १९६२ मध्ये ६ लाख ८१ हजारांवर गेली. जमीन तेवढीच, पीक एकच, आणि त्यात १९६० च्या जानेवारी-फेब्रुवारीत अ‍ॅलिक्स आणि कॅरोल ही दोन चक्रीवादळे पाठोपाठ आली. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड आणि समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांना सरकारने पाचारण केले, आणि १९६१ मध्ये त्यांचे अहवाल प्रसिद्ध झाले. मीड यांनी या बेटाच्या भवितव्याविषयी फार निराशेचे उद्गार काढले. मीड हे लहानसहान पंडित नव्हते. पुढे १९७७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तरी त्यांचे भाकीत खोटे ठरले. ते का खोटे ठरले, हे पाहण्यातच आपल्या विषयाचे सार आहे.

पहिले कारण व्यापाराचे. १९५१ च्या राष्ट्रकुल साखर करारान्वये ब्रिटन मॉरिशसची ठराविक साखर ठरलेल्या भावाने घेत असे. ब्रिटन युरोपीय बाजारात सामील झाले तेव्हा हा आधार तुटणार होता. त्या वेळी, १९७५ साली, लोमे कराराबरोबर साखरेचा एक स्वतंत्र मसुदा झाला. योगायोग असा की १९७४ च्या अखेरीस जगाच्या बाजारात साखर सोन्याच्या भावाने विकली जात होती. कित्येक देशांना वाटले, बांधून कशाला घ्यायचे? मॉरिशसने मात्र शक्य तेवढा मोठा वाटा, वर्षाला सुमारे पाच लाख टनांचा, हमी भावाला बांधून घेतला. एक-दोन वर्षांतच बाजार कोसळला, आणि पुढे तीस वर्षे बहुतेक काळ या बेटाला जागतिक भावाच्या दुप्पट-तिप्पट दर मिळत राहिला. बाजार चढलेला असताना उद्याचा विचार करून सौदा बांधणे किती कठीण असते, हे गुळाच्या पेठेत वावरलेल्या कोणालाही आम्ही सांगावयास नको!

पण केवळ भाव मिळून देश उभा राहत नाही. अधिक भाव म्हणजे एका अर्थी युरोपच्या गिऱ्हाइकाने दिलेली देणगीच होती. ती मळेवाल्यांच्या तिजोरीतच राहिली असती तर १८३५ चाच खेळ पुन्हा झाला असता. सरकारने साखरेच्या निर्यातीवर कर बसवला, त्यातून शाळा आणि दवाखाने चालवले. १९७० च्या कायद्याने निर्यातीसाठी कारखान्यांना सवलती दिल्या होत्या, आणि मळेवाल्यांचा साखरेतला नफाही कापडाच्या गिरण्यांत उतरला. त्या गिरण्यांत हजारो स्त्रियांच्या हातांना प्रथमच पगाराचे काम मिळाले. पुढे पर्यटन आले, पेढ्या आल्या. म्हणून युरोपने २००६ पासून चार वर्षांत भाव ३६ टक्क्यांनी उतरवला आणि २००९ मध्ये जुना मसुदा गुंडाळला, तेव्हा बेट हादरले, पण बुडाले नाही. बरेच कारखाने बंद होऊन मोजके मोठे उरले. त्यांनी शुद्ध साखर आणि चिपाडापासून वीज काढण्यावर भर दिला. लहान शेतकऱ्यांना मात्र झळ बसली, आणि कित्येकांनी ऊस लावणेच सोडले. देश तरला म्हणजे देशातला प्रत्येक जण तरला, असा अर्थ कोणी करू नये.

दुसरे कारण शिक्षणाचे, आणि येथे आम्हांला सर्वांत अधिक मौज वाटते, कारण ही मदत आधी बाहेरून आलीच नाही. दिवसभर फडात राबून रात्री मजूर एका झोपडीत जमत, दिव्याच्या उजेडात देवनागरी अक्षरे गिरवीत, पोथी वाचीत. याला तेथे 'बैठका' म्हणत. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजी काही दिवस तेथे थांबले. मुलांना शिकवा आणि सार्वजनिक कामात उतरा, हा त्यांचा सल्ला होता. त्यांच्या प्रेरणेने १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर तेथे गेले, मजुरांचे खटले लढले, आणि १९०९ मध्ये 'हिंदुस्थानी' नावाचे पत्र त्यांनी काढले. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या राज्यघटनेत साधी वाक्ये लिहिता-वाचता येणाऱ्यास मत मिळेल, आणि हिंदी भाषाही त्यासाठी चालतील, असे ठरले. बसदेव विष्णुदयाल यांच्या अनुयायांनी बैठकांतून गावोगाव लोकांना अक्षरओळख करून दिली. १९४८ च्या निवडणुकीत या नवसाक्षरांनी मते टाकली, आणि मळेवाल्यांची शतकभराची मक्तेदारी ढासळली. तेथून १२ मार्च १९६८ च्या स्वातंत्र्यापर्यंतची वाट सरळ जाते. ही तारीख दांडीयात्रेच्या प्रारंभाची, आणि ती मुद्दाम निवडलेली होती.

स्वतंत्र भारताची शैक्षणिक मदत आली ती या तयार जमिनीवर. १९७० मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते मोका येथे महात्मा गांधी संस्थेची कोनशिला बसली, आणि १९७६ मध्ये संस्था सुरू झाली. तेथे हिंदी, तामीळ, तेलुगू यांच्याबरोबर मराठीही शिकवली जाते, आणि तेथून शिकलेले शिक्षक सरकारी शाळांतून मराठीचे वर्ग घेतात. १९७७ पासून तेथे माध्यमिक शिक्षण विनामूल्य झाले. कास्काव्हेल गावी विठ्ठल-रखुमाईचे देऊळ आहे, आणि गणेश चतुर्थीला तेथे राष्ट्रीय सुटी असते. ज्या घरांत बोलण्याची भाषा कधीच क्रिओल झाली, त्या घरांतली मुले आरतीचे शब्द पुस्तकातून शिकतात. भाषेच्या बाबतीत मदतीची मर्यादा येथेच दिसते. संस्था बांधता येते, शिक्षक पाठवता येतो, पण घरातली आजी पाठवता येत नाही.

आता तिसरा प्रश्न : देणारा काय नेतो? स्वातंत्र्यापूर्वी, १९६५ मध्ये, लंडनला वाटाघाटी चालू असताना ब्रिटनने मॉरिशसच्या ताब्यातील छागोस बेटे वेगळी काढून घेतली आणि तीस लाख पौंड दिले. मॉरिशसच्या पुढाऱ्यांनी बदल्यात अमेरिकेच्या बाजारात साखरेचा वाटा मागितला होता, तो मिळाला नाही. दिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ उभा राहिला, आणि १९६८ ते १९७३ या काळात तेथल्या रहिवाशांना जहाजांत घालून मॉरिशस व सेशेल्सच्या किनाऱ्यावर आणून टाकण्यात आले. ज्या वर्षांत एका हाताने साखरेला भाव दिला जात होता, त्याच वर्षांत दुसऱ्या हाताने माणसांची घरे नेली जात होती. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ही वाटणी बेकायदा असल्याचे मत दिले, आणि मे २०२५ मध्ये ब्रिटनने बेटांचे स्वामित्व मॉरिशसला देण्याच्या करारावर सही केली. त्यातही तळ कायम ठेवण्याची तरतूद आहे. घर गमावलेल्या माणसाच्या नातवंडांना यात काय मिळेल, हा प्रश्न तीस लाख पौंडांनी सुटला नव्हता आणि सहीनेही आपोआप सुटत नाही.

ब्रिटनला बोल लावणे सोपे आहे. पण आज देणाऱ्यांच्या पंगतीत आपणही बसलो आहोत. २०१६ मध्ये भारताने मॉरिशसला ३५ कोटी ३० लाख डॉलरचे साहाय्य जाहीर केले. त्यातून मेट्रो रेल्वे, सर्वोच्च न्यायालयाची इमारत, कान-नाक-घशाचे रुग्णालय, घरे आणि शाळकरी मुलांसाठी टॅब्लेट अशी पाच कामे हाती घेतली गेली. रुग्णालय व मेट्रोचा पहिला टप्पा यांचे उद्‌घाटन २०१९ मध्ये झाले. जानेवारी २०२१ मध्ये करोनाच्या लशीच्या एक लाख मात्रा मॉरिशसला गेल्या. त्या पुण्यात तयार झालेल्या होत्या, आणि त्याच आठवड्यात मालदीव व सेशेल्स या बेटांनाही लस पोहोचली. मालदीवची राजधानी माले येथील मोठे रुग्णालय १९९५ साली भारताच्या मदतीने उभे राहिले, आणि २०१४ च्या डिसेंबरात तेथले पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बंद पडले तेव्हा भारताने विमानाने आणि जहाजाने पिण्याचे पाणी पोहोचवले. याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

तरी हिशेबाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. १९८२ च्या कर-करारामुळे मॉरिशसमार्गे भारतात पैसा आणणाऱ्यांना करसवलत मिळे. त्यावर तेथे पेढ्यांचा मोठा व्यवसाय वाढला, आणि आपलाच पैसा वळसा घालून परत येतो अशी ओरड इथे वर्षानुवर्षे झाली. २०१६ मध्ये तो करार बदलावा लागला. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी आगालेगा बेटावर भारताने बांधलेली धावपट्टी आणि धक्का सुरू झाला. तेथल्या रहिवाशांना त्यामुळे दवाखान्याची वाट जवळ झाली हे खरे, आणि हिंदी महासागरावर नजर ठेवण्यास भारताला सोय झाली हेही खरे. दोन्ही सरकारे तेथे लष्करी तळ नसल्याचे सांगतात. पण छागोसचा इतिहास ज्यांच्या डोळ्यांसमोर घडला, त्या लोकांनी शंका काढली तर त्यांना कृतघ्न म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मग चांगली मदत ओळखायची कशी? याचे उत्तर शोधण्यासाठी आम्हांला समुद्रापार जाण्याची गरज वाटत नाही. कोल्हापूर हेही एके काळी एक बेटच होते : चोहोबाजूंनी दुसऱ्यांचा मुलुख, मध्ये एक लहान संस्थान. १९०१ मध्ये शाहू छत्रपतींनी मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह उभे केले आणि मग एकेका समाजाची वसतिगृहे त्यांच्या आश्रयाने उभी राहिली. जागा आणि उत्पन्न दरबारने दिले, पण कारभार त्या त्या समाजाच्या मंडळींच्या हाती राहिला. १८९४ मध्ये जवळच मिरजेत परदेशातून आलेल्या डॉक्टर वॉनलेस यांनी रुग्णालय काढले, आणि तीन वर्षांत तेथेच वैद्यकीय शाळाही सुरू केली. परका डॉक्टर गेला तरी दवाखाना चालावा, ही तजवीज त्याने स्वतःच करून ठेवली. त्यांच्या धर्मप्रसाराविषयी ज्याला जे म्हणावयाचे ते त्याने म्हणावे, पण मिरजेची वैद्यकीय परंपरा मागे उरली हे कोणी नाकारणार नाही. बैठकांची अक्षरे, मोक्याची संस्था, निर्यात-करातून चाललेल्या शाळा आणि मिरजेची ही वैद्यकीय शाळा यांत एक समान सूत्र आहे. मदत घेणाऱ्याच्या हाती कारभार राहिला, किंवा कारभार करणारी माणसे त्यातून तयार झाली. १८३५ ची भरपाई आणि छागोसचे तीस लाख पौंड यांत यांपैकी काहीच नव्हते.

मालदीवला पाणी देताना, मॉरिशसला रूळ टाकून देताना, हाच हिशेब आपण स्वतःला लावला पाहिजे. त्या रुळांची दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ तेथे घडत आहेत काय? रुग्णालयातल्या खुर्चीवर बसणारा डॉक्टर तेथला आहे काय? आणि मराठी शिकवणारा शिक्षक इथून धाडावा लागतो, की तेथेच शिकून तयार होतो? आपल्या नातलगांशी व्यवहार करतानाच माणूस सर्वांत सैल हिशेब ठेवतो. मॉरिशस आपले नातलग आहे, म्हणून तर हा हिशेब अधिक काटेकोर ठेवला पाहिजे. करारावर आंगठा उठवून गेलेल्या त्या मजुरांना कोणी विचारले नव्हते. त्यांच्या पणतवंडांशी आज आपले सरकार करार करते आहे. या वेळी तरी समोरच्याने कागद पुरता वाचावा आणि मगच सही करावी, एवढा अवधी त्याला देणे हे आपले काम आहे.